लोंबतं टोक

शाळेच्या बारा वर्गांत इंटरनेट बसवायचं काम कोण अंगावर घेणार, असं मोठ्या बाईंनी सभेत विचारलं, तेव्हा सगळे शिक्षक वहीत डोकं खुपसून बसले. चित्रकलेचे सर तेवढे छताला आलेली ओल बघत होते. तिचा आकार त्यांना घोड्यासारखा वाटत होता.

"बघा, सर आत्तापासूनच वायरी कुठून न्यायच्या ते बघतायत," मोठ्या बाई म्हणाल्या, आणि काम सरांच्या गळ्यात पडलं.

सरांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. हे इतक्या खात्रीने सांगता येतं, कारण सर आणि प्रस्तुत लेखक एकच चष्मा वापरतात. याहून खोलात शिरू नये. दुकानदाराने विचारलं, "किती पोर्टची, म्हणजे किती वायरींची, पेटी देऊ?" सर म्हणाले, "हिरवे दिवे असलेली द्या. पिवळे डोळ्यांना टोचतात." दुकानदाराने या माणसाला काही विचारण्यात अर्थ नाही हे ओळखलं आणि सोबत एक तंत्रज्ञ बाईच पाठवून दिली.

तिने दोन दिवसांत काम उरकलं. ऑफिसच्या बाहेरच्या कपाटात ती काळी पेटी बसली, तिच्यातून बारा वर्गांना बारा वायरी गेल्या. एक तेरावी उरली, तिचं एक टोक पेटीत होतं आणि दुसरं मोकळं. "पुढे वर्ग वाढला तर असू दे," ती म्हणाली आणि गेली. घाई होतीच. सातवीची मुलं दीड महिना एका लांबच्या शाळेतल्या मुलांना पत्रं लिहीत होती, आणि येत्या सोमवारी अकरा वाजता ती एकमेकांना पडद्यावर पहिल्यांदा बघणार होती. सरांनी मुलांना शब्द दिला होता.

मंगळवारी सकाळी सर लवकर आले, शिपाईमामांकडून किल्ली घेतली आणि कपाट उघडून दोन मिनिटं नुसते दिवे बघत राहिले. तेवढ्यात ते मोकळं टोक दिसलं. जन्मभर मुलांना टापटीप शिकवणाऱ्या माणसाला ते बघवेना. सरांनी ते उचललं आणि शेजारच्या रिकाम्या भोकात खुपसून दिलं. लगेच सगळे दिवे जोरजोरात लुकलुकू लागले. "आज काम जोरात दिसतंय," सर खूश होऊन म्हणाले आणि कपाट उघडंच ठेवून वर्गावर गेले.

दहा मिनिटांत बाराही वर्गांतून निरोप आले की इंटरनेट बंद आहे.

तंत्रज्ञ बाई संध्याकाळी शाळा सुटल्यावर आली. सातवीच्या वर्गात लॅपटॉप उघडून म्हणाली, "चालतंय की, सर!"

"सकाळी नव्हतं चालत."

"आता चालतंय ना?"

बुधवारी सकाळी पुन्हा बंद. संध्याकाळी पुन्हा चालू. सर विचारात पडले, आणि ते विचारात पडले की शाळेला धोका असतो. रिकाम्या शाळेत चालतं, भरलेल्या शाळेत बंद पडतं, म्हणजे मुलांपाशी काहीतरी आहे! त्यांनी तंत्रज्ञ बाईला फोन लावला. "लोखंडाने लहरी अडतात का हो?"

"अडतात थोड्या, पण सर..."

सरांना 'पण'च्या पुढचं ऐकायची सवय नव्हती. गुरुवारी लोखंडी कंपासपेट्यांवर बंदी आली. मुलं पेन्सिली मोज्यात खोचून आली. शुक्रवारी पाण्याच्या बाटल्या आणि डबे व्हरांड्यात गेले. शनिवारी स्वतः सरांनी पट्टा काढून ठेवला, आणि एका हाताने पँट धरून दुसऱ्या हाताने फळ्यावर फुलदाणी काढली. इंटरनेट मात्र ढिम्म हललं नाही.

"सर, सोमवारचं काय करायचं?" मोठ्या बाईंनी विचारलं. "मुलं रोज विचारतात."

सरांचा धीर सुटला. "कपाटाची किल्ली मामांकडे असते, बाई. मी एवढंच म्हणतो."

हे वाक्य तोंडातून निघताच त्यांना स्वतःची लाज वाटली. पण निघालं ते निघालं.

सोमवारी अकरा वाजायला दोन मिनिटं असताना तंत्रज्ञ बाई आली आणि या वेळी थेट कपाटाशी गेली. तिने एकदा आत पाहिलं, तेराव्या वायरीचं एक टोक उपटलं आणि म्हणाली, "झालं."

"म्हणजे?"

"ही वायर पेटीतून निघून पेटीतच आली होती. सगळं गोल गोल फिरत बसलं, बाहेर पडणार कसं? कोणी लावली ही?"

मोठ्या बाईंनी मामांकडे पाहिलं. तेवढ्यात सातवीच्या वर्गातून एकच आरडाओरडा झाला, "दिसले! दिसले!" सरांच्या डोळ्यांत पाणीच आलं. एवढ्या आनंदात खोटं बोलणं त्यांना जमेना.

"मी लावली," सर म्हणाले. "रोज सकाळी. लोंबत असायची म्हणून."

"आणि रोज संध्याकाळी मी काढायचो," मामा म्हणाले. "त्या वेटोळ्यामुळे कपाटाचं दार लागायचं नाही."

"मग बोलला का नाहीत, मामा?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"कसं बोलणार, बाई? सर सकाळी इतकं मन लावून खोचायचे. मला वाटलं, चालू करायचं बटण तेच."

मोठ्या बाई हसल्या नाहीत. त्या आत गेल्या आणि पाच मिनिटांत लेखी आदेश घेऊन बाहेर आल्या: आजपासून नेटवर्कचे प्रमुख शिपाईमामा, आणि त्यांचे मदतनीस चित्रकलेचे सर.

मंगळवारी सकाळी सर कपाटापाशी घुटमळताना मामांना दिसले. मामांचं मन मोठं. त्यांनी कुलूप काढलं, दार अर्धवट उघडलं आणि म्हणाले, "बघा सर, दोन मिनिटं. फक्त हात मागे."

सरांनी निमूटपणे हात मागे बांधले.