खो-खो स्पर्धेपासून सोनेश्वर शहरास झालेले लाभ

बीड जिल्ह्यातल्या सोनेश्वर शहराला विभागीय शालेय खो-खो स्पर्धेचं यजमानपद मिळालं. ही बातमी कळली तेव्हा वनमाला मॅडम मैदानावर मुलींना खांबाला वळसा घालायला शिकवत होत्या. पाच जिल्ह्यांचे संघ येणार होते आणि बीडचा संघ म्हणून त्यांच्याच शाळेच्या मुली उतरणार होत्या. मॅडमना आनंद झाला. शारीरिक शिक्षणाच्या नोकरीत अठरा वर्षं काढूनही त्यांना असा आनंद व्हायचा, हा त्यांच्यातला एक दोष होता.

आनंदाचं खरं कारण आरोही. पळतीला उभी राहिली की समोरचा संघ दमून जायचा. पण तिची आजी छबुबाई हिचा नियम पक्का होता. "गावात खेळ, परगावी न्हाई." अंबाजोगाईची जिल्हा स्पर्धा संघानं आरोहीशिवायच, कशीबशी जिंकली होती. आता मात्र स्पर्धाच गावात येत होती.

स्पर्धेच्या पाठोपाठ आदेशही आला. स्पर्धेपासून शहरास होणाऱ्या लाभांचा अहवाल स्पर्धेपूर्वी सादर करावा. स्पर्धा झाल्यावर लाभ शोधायला गेलं की सापडत नाहीत, असा वरच्या कार्यालयाचा अनुभव होता. त्यानुसार 'शहर लाभ समिती' स्थापन झाली. अध्यक्षपदी विजयसिंह आले. ते शहरातल्या सर्व समित्यांचे अध्यक्ष असत. ज्या समितीचे नसत, ती लवकरच बरखास्त होई. अक्षर चांगलं म्हणून मॅडमना सचिव करण्यात आलं.

पहिल्या बैठकीत त्यांनी आपला मसुदा वाचला. "लाभ क्रमांक एक. ज्या मुलींना घरचे परगावी पाठवत नाहीत, त्यांना गावातच मोठी स्पर्धा खेळायला मिळेल. लाभ क्रमांक दोन. मैदानावर पिण्याचं पाणी आणि मुलींसाठी स्वच्छतागृह होईल."

"लाभ लई चांगले हायेत, मॅडम," विजयसिंह म्हणाले, "पण फोटोत येत न्हाईत."

"स्वच्छतागृह येईल की."

"येईल. पण त्याच्यापुढं उभं कोण राहणार?"

समितीतल्या कोणीच हात वर केला नाही. लाभ डोळ्यांना दिसला पाहिजे, असा निकष एकमतानं ठरला आणि कामं सुरू झाली. चौकाचौकांत कमानी आल्या. दुभाजक रंगले. विश्रामगृहापासून मैदानापर्यंत डांबरी रस्ता झाला आणि उद्घाटन व्हायचं असल्यानं त्याला दोन्ही टोकांनी बांबू आडवे लावण्यात आले. शेवटी समितीची नजर मैदानावर गेली. मैदान मातीचं होतं आणि ते मातीसारखंच दिसत होतं. यावर गंभीर चर्चा होऊन तिथं हिरवळ अंथरण्यात आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुली सरावाला आल्या, तर फाटकावर सटवा नावाचा नवा रखवालदार उभा.

"आम्हाला खेळायला मनाई आहे का?" मॅडमनी विचारलं.

"खेळायला न्हाई, मॅडम. पाय ठेवायला हाय."

फाटकाबाहेर चाँदभाईचा केळ्यांचा गाडा असायचा. सराव संपला की मुली तिथं दोन-दोन केळी खायच्या. 'खेळाडूंच्या पोषण कक्षासाठी जागा मोकळी करावी' अशी नोटीस चाँदभाईंना आली. मोकळ्या झालेल्या जागी पोषण कक्ष उभा राहिला, म्हणजे केळ्याचं मोठं चित्र असलेला फलक. गाडा गावाबाहेर, शेळ्यांच्या बाजाराच्या जागेवर पाठवला गेला.

"मॅडम, माझी केळी खरी हायेत, त्यांची छापलेली हायेत," चाँदभाई म्हणाले. "मग मलाच काऊन हाकलतेत?"

"भाई, तुमची केळी काळी पडतात. त्यांची पडत नाहीत," मॅडम बोलून गेल्या आणि दचकल्या. आपल्या तोंडून समिती बोलू लागली आहे, हे त्यांच्या लक्षात आलं.

त्याच दिवशी मॅडम मुलींना घेऊन शेळ्यांच्या बाजाराकडे गेल्या. बाजार फक्त गुरुवारी भरायचा. मुलींनी खडे वेचले, लेंड्या झाडल्या, दोन खांब रोवले आणि काळ्या मातीत सराव सुरू केला.

स्पर्धेचा दिवस उजाडला. पाचही संघ हिरवळीच्या कडेनं, सिमेंटच्या पट्टीवर उन्हात उभे राहिले. खेळाचं महत्त्व सांगणारी अकरा भाषणं झाली. सहाव्या भाषणाला हिंगोलीची एक मुलगी चक्कर येऊन पडली. वक्त्यांनी तिच्या खिलाडूवृत्तीचं कौतुक केलं. अकरावं भाषण संपल्यावर परभणीच्या प्रशिक्षकांनी विचारलं, "सामने कुठं आहेत?"

हा प्रश्न कार्यक्रमपत्रिकेत नव्हता. व्यासपीठावरच समितीची तातडीची बैठक बसली.

"शहराला लाभ झाले का?" विजयसिंहांनी विचारलं.

"झाले," सदस्य म्हणाले.

"सामने झाले तर त्यात वाढ होईल का?"

कोणालाच तसं वाटलं नाही.

"उलट हिरवळ उखडंल," विजयसिंह म्हणाले. " कुणाचा तरी गुडघा फुटंल. चार जिल्हे हरतेल, म्हंजी चार जिल्हे नाराज. सगळ्या स्पर्धेत तोट्याची बाब असंल तर ती सामना हीच हाय."

सामन्यांऐवजी नाणेफेकीनं निकाल लावावा, असा ठराव झाला. सदस्य खिशात नाणं शोधू लागले. मॅडमनी आरोहीकडे पाहिलं. तिनं बुटाची नाडी तिसऱ्यांदा घट्ट बांधली होती.

"अध्यक्षसाहेब," मॅडम म्हणाल्या, "नाणेफेकीच्या निकालावर पंच सही करत नाहीत. सही नसेल तर अंतिम अहवाल वर जात नाही."

असा नियम खरोखर आहे की नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं. पण सहीचं नाव निघताच समिती पांढरी पडली.

"मग खेळवा कुठंबी," विजयसिंह म्हणाले. "फक्त फोटोत येऊ नका."

पाच संघ, पंच आणि शिट्ट्या अशी वरात शेळ्यांच्या बाजारात पोचली. प्रेक्षकांत चाँदभाई होते, कोणाची तरी चुकलेली शेळी होती आणि नात उन्हात कुठं नेली म्हणून शोधत आलेली छबुबाई होती.

अंतिम सामना बीड आणि परभणीचा झाला. शेवटचं मिनिट राहिलं तेव्हा बीड एका गुणानं पुढं होतं आणि पळतीला आरोही एकटी उरली होती. ती बाद झाली की बरोबरी. परभणीच्या मुली खो देत राहिल्या. आरोही कधी रांगेतून आरपार गेली, कधी खांबाला गिरकी घेऊन उलटी पळाली. एकदा मागच्या मुलीची बोटं तिच्या वेणीपर्यंत आली. छबुबाई उभी राहून ओरडली, "वाक, पोरी!" आरोही वाकली, पडली, गुडघ्यावरून उठून पुन्हा पळाली. शिट्टी झाली तेव्हा तिला कोणाचा हात लागला नव्हता. चाँदभाईंनी पाचही संघांना केळी वाटली.

"आता पुढची कुठं हाय?" छबुबाईनं विचारलं.

"सांगलीला," मॅडम चाचरत म्हणाल्या.

म्हातारीनं नातीचा फुटलेला गुडघा पदरानं पुसला. "जाऊ द्या की मग. तुमी संगं हायेत न्हवं?"

मॅडमना रडू आलं. त्यांनी अंतिम अहवालात लाभ क्रमांक एक पुन्हा लिहिला. 'छायाचित्र जोडावे' असा शेरा येऊन तो वगळला गेला. 'सामने निर्विघ्न पार पडले' हे वाक्य राहिलं.

नागरिकांचे अभिप्राय गोळा करण्याचं कामही त्यांच्याकडेच आलं. शिक्षक कॉलनीत, वकील गल्लीत, डॉक्टरांच्या बंगल्यांत त्या अर्ज घेऊन फिरल्या. सगळीकडे चहा मिळाला. शहराला लाभ झाला, असं प्रत्येकानं लिहिलं. कोणता खेळ होता, या रकान्यात बहुतेकांनी 'क्रिकेट' भरलं. "मुलांना मोबाइलमधून बाहेर काढून मैदानावर आणा, मॅडम," असा आग्रहही बऱ्याच जणांनी दारापर्यंत सोडायला येऊन धरला.

सोमवारी मुख्याध्यापकांनी मॅडमना बोलावून पालकांचा एक अर्ज पुढं केला. दहावीचं वर्ष महत्त्वाचं असल्यानं आठवड्यातले खेळाचे दोन्ही तास गणिताला द्यावेत, अशी नम्र विनंती होती. खालच्या सह्या मॅडमनी ओळखल्या. त्याच सह्या त्यांनी आठवडाभर अभिप्रायांच्या अर्जांवर चहाच्या कपासोबत गोळा केल्या होत्या.

अर्ज अजून मुख्याध्यापकांच्या टेबलावर आहे. खाली चार-पाच नावांपुरती जागा मोकळी ठेवली आहे. आपल्याकडे यंदा कोणी दहावीला असेल, तर सवडीनं येऊन सही करून जावी.