परवानगी फक्त पुतळ्याला

ब्रसेल्समध्ये एक जण गेली चारशे वर्षं भर रस्त्यात लघवी करतोय. हातभर उंचीचं ब्राँझचं पोरगं, उघडंनागडं. जगभरातले लोक विमानाने येऊन ते बघतात. त्याच्याकडे हजाराच्या वर पोशाख आहेत, पोशाखांचं वेगळं संग्रहालय आहे, आणि त्याची काळजी घ्यायला सरकारचा 'कनिष्ठ पुतळे व वाहती कारंजी विभाग' आहे.

दुसरा जण म्हणजे ओमेर फान हूक. लिफ्टदुरुस्तीतून निवृत्त झालेला, सत्तरी ओलांडलेला. त्याच्याकडे एक बरा कोट आहे आणि वाढलेलं प्रोस्टेट आहे. त्या शनिवारी सकाळी पाव घेऊन घरी येताना त्याला लघवी लागली. गोष्ट एवढीच आहे.

घर पुतळ्याच्या पलीकडे. मध्ये दोरी. दोरीशी हवालदार योरिस.

"आजोबा, रस्ता बंद. पुतळ्याला नवीन कपडे चढवतायत."

"अरे, माझं घर ते बघ. निळा दरवाजा. माझे वाळत घातलेले मोजे दिसतायत इथून."

"रहिवासी पास दाखवा, सोडतो."

"पास घरात आहे."

"मग घेऊन या की. मी कुठे नाही म्हणतोय?"

ओमेरने थोडा विचार केला. सल्ला चांगला होता. त्यात खोट काढता येत नव्हती.

त्या दिवशीचा पोशाख मूत्ररोगतज्ज्ञांच्या एका मंडळाने दिला होता. छोटासा पांढरा कोट, गळ्यात छोटासा स्टेथोस्कोप. मंडळाचे अध्यक्ष माइकवर गरजत होते, "नागरिकहो, लघवी कधीही दाबून ठेवू नका! लागली की जा! लगेच जा!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. ओमेरने नाही वाजवल्या. त्याला त्या वेळी शरीराचा कुठलाच भाग हलवायचा नव्हता.

चर्चच्या कोपऱ्यावर एक लोखंडी मुतारी होती. ओमेरचे आजोबा तिथे जायचे, बाप जायचा, तो स्वतः जायचा. आज तिथे तिकीट खिडकी होती आणि रांग होती. गेल्याच वर्षी मुतारीला वारसा घोषित केलं होतं. गाइड सांगत होती, "इथे एकेकाळी शहरातले लोक मोकळे व्हायचे."

"एकेकाळी काय? मी व्हायचो," ओमेर म्हणाला. "अगदी परवा परवापर्यंत."

"अय्या! मंडळी, इकडे बघा, प्रत्यक्ष वापरकर्ता!"

मंडळींनी त्याचे फोटो काढले. एकाने सही मागितली.

"बाई, मी आत जाऊ का? फक्त दोन मिनिटं."

"जा ना. पण आत काही करता येणार नाही हं. आत नुसता आवाज आहे. बटण दाबलं की जुन्या काळची धार ऐकू येते."

ओमेर आत गेला आणि त्याने बटण दाबलं. दाबायला नको होतं.

तिथून तो गुडघे जुळवून जवळजवळ धावतच झुल्माच्या कॅफेत शिरला. झुल्मा त्याच्याच वर्गातली, पहिलीपासून.

"झुल्मा, किल्ली."

"गिऱ्हाइकालाच किल्ली. तुला नियम माहितीये."

"अगं, मी चाळीस वर्षं गिऱ्हाईक आहे!"

"आजचं बोल."

त्याने सगळ्यात छोटी बिअर मागवली. ती अर्धी टाकून उठला, तर झुल्माने हात धरला. "माझी बिअर टाकतोस? वाईट आहे का? बस. संपव." ब्रसेल्समध्ये बिअर टाकणं म्हणजे घरी येऊन शिवी देणं. ओमेरने डोळे मिटून ती संपवली. म्हणजे आता आधीची होती ती, आणि वर ही.

"दे किल्ली."

"किल्ली बसवाल्या पाहुण्यांकडे गेली. आतल्या फरश्यांवर त्या पोराचं चित्र आहे ना, सगळे एकेक करून सेल्फी काढतायत. बस तू. अजून एक देऊ?"

ओमेर बाहेर आला. आता त्याला सगळं जग पिवळं दिसत होतं. तो गर्दीतून घुसत घुसत थेट दोरीपाशी गेला, पुतळ्याच्या शेजारच्या भिंतीकडे तोंड केलं आणि बटणांना हात घातला.

"ओ आजोबा!" योरिस ओरडला. "दंड होईल!"

"मग त्याला कर आधी!" ओमेरने वर बोट दाखवलं. पोरगं नव्या कोटातून निवांत धार सोडत होतं.

"तो वारसा आहे. तुम्ही उपद्रव आहात."

"अरे, त्याला मूत्रपिंडंसुद्धा नाहीत!"

गोंगाट ऐकून विभागप्रमुख मादाम देकोनिंक आल्या. खांद्यावरून तिरकी पट्टी, हातात कात्री. त्यांनी शांतपणे समजावलं, "हे बघा, त्याच्याकडे परवानगी आहे."

"मग मलाही द्या!"

मादामनी कात्री खाली केली. चारशे वर्षांत कोणी मागितलीच नव्हती. त्यांनी योरिसकडे बघितलं, योरिसने पुतळ्याकडे. देऊ नये असं नियमात कुठेच नव्हतं.

"देता येईल," मादाम म्हणाल्या. "तात्पुरतं जिवंत स्मारक म्हणून. पण चौथऱ्यावर उभं राहावं लागेल. पोशाख लागेल. आणि काम लोकांसमोर करावं लागेल, नाहीतर लोकांना त्याचा काय उपयोग?"

"काहीही चालेल हो. लवकर!"

लवकर कसलं? पाटी दोन भाषांत हवी. फ्रेंच वर की डच वर, यावर तिथेच दोन गट पडले. शेवटी पाटी उभी टांगली, म्हणजे दोन्ही भाषा सारख्याच वाचता येत नाहीत. डॉक्टरांनी ओमेरला एक मोठा पांढरा कोट चढवला. त्याला उचलून कारंज्याच्या कठड्यावर ठेवलं. बँड थांबला. सगळ्यांनी पुतळ्याकडे पाठ केली आणि फोन ओमेरकडे वळवले.

आणि काहीच झालं नाही.

सकाळपासून जी थांबत नव्हती, ती आता येत नव्हती. इतकी माणसं बघत असताना कोणाची येईल?

"चालू करा ना आजोबा," योरिस हळूच म्हणाला.

"होत नाहीये रे."

"जोर लाव, ओमेर!" झुल्मा कॅफेच्या दारातून ओरडली. "माझी बिअर आहे ती, वाया घालवू नकोस!"

गर्दी कुरकुरायला लागली. कोणीतरी म्हणालं, ते ब्राँझचंच बरं. मादामनी घड्याळ बघितलं. "स्मारक बंद पडलंय. दुरुस्तीवाला सोमवारी येईल. तोवर आहे त्या स्थितीत ठेवा. हलायचं नाही."

"सोमवारपर्यंत?" ओमेर रडकुंडीला आला.

बरोबर त्याच वेळी तुमची टूर तिथे पोचली.

आठवत असेलच तुम्हाला. दहा देश, पंधरा दिवस, सोबत मराठी जेवण. तुमच्या आई पुढे होत्या, साडीवर स्वेटर, पायात बूट. त्यांनी वर उभ्या म्हाताऱ्याचा चेहरा बघितला. त्यांना ना फ्रेंच येत होतं ना डच. पण दोन पोरं आणि तीन नातवंडं वाढवलेल्या बाईला तो चेहरा कळायला भाषा लागत नाही.

"अगं बाई, अडकली वाटतं याची," त्या म्हणाल्या. आणि ओठांचा चंबू करून त्यांनी मायेने सुरू केलं, "शूऽऽ... शूऽऽऽ..."

ओमेर आधी दचकला. मग त्याचे खांदे सैल झाले. मग त्याचे डोळे मिटले.

काय टाळ्या पडल्या! बँड वाजायला लागला. अध्यक्ष डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. झुल्माने सगळ्यांना बिअर फुकट दिली. पुतळ्याची धार त्या दिवशी कोणाला दिसलीच नाही. मादामनी जागच्या जागी ओमेरला कायम केलं, दर शनिवारी सकाळी, पाऊस असला तरी. ओमेर वरून तुमच्या आईंना हात जोडत होता, तुमचं बघून शिकला असावा.

तुम्हीही फोटो काढलेत, व्हिडिओ काढलात, आणि बसमध्ये बसायच्या आधी ग्रुपवर टाकलात.

आणि मग घरी आल्यावर, आईंच्या हातचा चहा घेत, शेजाऱ्यांना तोच अल्बम दाखवत तुम्ही म्हणालात, "तिकडची स्वच्छता म्हणजे काय सांगू! पंधरा दिवस हिंडलो, पण रस्त्यावर उभा राहून करणारा एक माणूस दिसला नाही."