दामल्यांची निळी तार

मी एकदा इंटरनेटवर परकर वाळत घातले होते. एक-दोन दिवस नाही, चांगला पावसाळाभर. तेव्हा मी जेमतेम अडुसष्टची होते. त्या वयात बाईला पोच कमीच असते. आता सत्तरी ओलांडली, थोडी अक्कल आली, म्हणून सांगते.

इंटरनेट दामल्यांचं होतं. बालीगंजच्या आमच्या इमारतीत मराठी घरं दोनच. दुसऱ्या मजल्यावर आम्ही आणि बरोबर आमच्या डोक्यावर दामले. सरकारी कारखान्यातले निवृत्त इंजिनिअर. बदलीवर कोलकात्यात आले आणि आमच्यासारखेच परत जायचे राहून गेले. शर्टाच्या खिशात पेन असावं तिथे स्क्रू ड्रायव्हर. बाजारात वांगंसुद्धा त्यानेच टोचून बघायचे, त्यामुळे भाजीवाला त्यांना लांबूनच हात जोडायचा.

हा माणूस रोज सकाळी आमची बेल दोनदा वाजवायचा. मी आतून "हो" म्हटलं, की दार उघडायच्या आत जिना चढून परत. एकदा मी त्यांना जिन्यातच गाठलं.

"भावजी, काम काय होतं?"

"काही नाही. पिंग केलं."

"म्हणजे?"

"एक यंत्र दुसऱ्याला विचारतं, आहेस का? दुसरं म्हणतं, आहे. संपलं. पुढे बोललंच पाहिजे असं नाही."

त्यांची बायको सुलभा नागपूरला मुलीकडे राहायला गेली, तेव्हापासून हे पिंग सुरू झालं होतं. सुलभा होती तेव्हा बेलची गरजच नव्हती. ती वरच्या बाल्कनीतून वाकून "कुसुम" अशी हाक मारून बोलायची, म्हणजे मला रागवायची. तिच्या मते मी कपडे चुकीच्या जागी वाळत घालत होते. गच्ची सोडून बाल्कनीत घालते आणि कुबट वास वर येतो, यावरून आम्ही तीस वर्षं भांडलो. फार मजेत दिवस गेले. पुढे ती गोष्टी विसरायला लागली. आधी चाव्या, मग वार, मग माणसं. दामल्यांना एकट्याने सगळं जमेना, तेव्हा मुलगी येऊन तिला घेऊन गेली.

त्यानंतर दामल्यांच्या जेवणाच्या टेबलावर एक हिरवी पाटी आली. तळहाताएवढी, वर बारीकसारीक काळे चौकोन. "डेव्हलपमेंट बोर्ड," ते म्हणाले. "पूर्ण संगणक आहे, वहिनी. लिनक्स चालतं यावर." मला तो संगणकाचा सांगाडा वाटला. जेवताना ताट एका कडेला आणि पाटी मधोमध. मी आमटी घेऊन गेले, की ती कुठे ठेवायची याची पंचाईत.

या पाटीला नेटवर्क हवं होतं, आणि तेही तारेने. हवेतून येणाऱ्या कशावरच दामल्यांचा विश्वास नव्हता. पाटीवर तार खुपसायची जागा होती, पण पाटी ढिम्म. महिनाभर ते कसली तरी फाइल लिहीत बसले.

"तिला कान आहे," ते मला समजावत. "पण कान आहे हे तिला माहीत नाही. या फाइलमध्ये लिहून द्यावं लागतं, की बाई, तुला इथे इथे कान आहे, ऐक."

"मग लिहा की."

"लिहिलंय. पण पत्ता चुकतोय."

एके दिवशी त्या कानाशी हिरवा दिवा लागला आणि दामल्यांनी इमारतभर मिठाई वाटली, इथले छेन्याचे संदेश. आता खरी तार हवी. माझा मुलगा आणि सून इथल्याच सॉल्ट लेक भागात कॉम्प्युटर कंपनीत, त्यामुळे आमच्याकडे इंटरनेट दणकट. मुलगा म्हणाला, "काका, आमच्याकडूनच घ्या." मग दामल्यांनी आमच्या दिवाणखान्यातून एक निळी तार काढली. ती आमच्या बाल्कनीत या टोकाच्या खुंटीपासून त्या टोकाच्या खुंटीपर्यंत ताणून बांधली आणि तिथून वर नेली. ताण असा सुंदर, उंची अशी नेमकी, की कुठल्याही गृहिणीचा हात आपोआप वर जावा. माझाही गेला.

मी कपडे दुपारी तीनच्या सुमाराला धुते. इथल्या हवेत ते वाळता वाळता रात्रीची जेवणं होतात. इकडे दामले हैराण. नेटवर्क दुपारी तीनला जायचं आणि रात्री आठ-नऊला आपलं आपण यायचं. त्यांनी पाटीला पंखा लावला. तिला बर्फाच्या पिशवीशेजारी ठेवलं. ट्रामच्या तारांवर संशय घेतला. शेजारच्या बोशबाबूंच्या घरी मासे तळायला विजेची शेगडी लावतात, तिच्यावर घेतला. ती फाइल पुन्हा पहिल्यापासून लिहिली.

"शिस्त पाहिजे, वहिनी," ते म्हणायचे. "आधी तार, मग पत्ता, मग गप्पा. मी या क्रमानेच जातोय."

मग एक दिवस बेल दोनदा वाजली आणि मी "हो" म्हटल्यावरही माणूस दारातच. चेहरा पार उतरलेला. दामले पक्के नास्तिक. उभ्या जन्मात उदबत्ती लावलेली नाही.

"वहिनी, गुरुवार दत्ताचा ना?"

"हो. का?"

"पाटी गुरुवारी दिवसभर चालते. फक्त गुरुवारी." आवाज खाली आणून म्हणाले, "उपास कसा करतात?"

गुरुवारी दुपारी मी मंडळात भजनाला जाते आणि कपडे धूत नाही, हे मला तेव्हाही सुचलं नाही. मी त्यांना साबुदाणा भिजवायला शिकवलं. म्हटलं ना, वय कोवळं होतं.

उपास करूनही शुक्रवारी नेटवर्क गेलं. तेव्हा दामले बॅटरी घेऊन तारेचा इंच न् इंच तपासत निघाले आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला माझ्या बाल्कनीत पोचले. तारेवर तीन परकर, एक चादर आणि मुलाची जीन्स. ओझ्याने तार ओढली जाऊन भिंतीशी तिचं टोक खोबणीतून अर्धं बाहेर आलं होतं. मी हळूच जीन्स काढली, चादर काढली. टोक आपोआप आत बसलं. दामले ते बघत उभे राहिले. मला वाटलं, आता माझी काही धडगत नाही.

"आधी तार म्हणत होता ना?" मीच उलटा हल्ला केला. "मग आधीच नाही का बघायची?"

"तुमच्या घरातली होती," ते म्हणाले. "तिथे काय बघायचं?"

मग म्हणाले, "वर चला. वेळ झालीच आहे."

त्यांच्या बाल्कनीत ती पाटी आणि तिला जोडलेला छोटा माइक. तिकडे नागपूरला सुलभाच्या उशाशी स्पीकर.

"संध्याकाळ झाली की ती शंख शोधते," दामले म्हणाले. "इथे घरोघरी दिवेलागणीला वाजतो, तीस वर्षं ऐकला ना. शंख वाजला नाही तर तिच्या लेखी दिवस मावळत नाही. जेवत नाही, झोपत नाही, नुसती येरझाऱ्या घालते. रेकॉर्डिंग लावून बघितलं. दुसऱ्या दिवशी तोच कावळा त्याच जागी ओरडला, तर म्हणाली, हे खोटं आहे."

"मग तुम्हीच जा ना तिच्याजवळ."

"जातो की. मला 'या, बसा' म्हणते. पाणी देते." त्यांनी माइकवरची धूळ पुसली. "पाहुणाच व्हायचं, तर इथे राहून खिडकी उघडलेली बरी."

 अशा वेळी मी भलतंच बोलते. तशी सुरू झाले: आता माझे कपडे कुठे वाळायचे, या शहरात परकर वाळायला पंचांग बघावं लागतं, जीन्स तर आषाढात धुतली की आश्विनात हाती येते. दामले खुणा करत होते, माइक चालू आहे म्हणून. मी कसली थांबते. तेवढ्यात बोशबाबूंच्या घरी शंख वाजला. मग समोरच्या घरी, मग पलीकडच्या गल्लीत. तेव्हा कुठे मी गप्प झाले आणि खाली आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल एकदाच वाजली. दामले दारात उभे. मुलीचा फोन आला होता म्हणे. सुलभा शंख ऐकून जेवली, झोपली. पण शंखाच्या आधी काहीतरी बोलली. गेल्या वर्षभरात तिने कोणाचंही नाव घेतलं नव्हतं, मुलीचंसुद्धा नाही. दामल्यांनी घसा साफ केला आणि एक शब्द इकडचा तिकडे न करता निरोप सांगितला:

"कुसुमला म्हणावं, हजारदा सांगितलंय, कपडे गच्चीवर घाल."