उत्तरसूचीतले सात

रसायनशास्त्राच्या पेपरात एका क्षाराच्या द्रावणाचा सामू, म्हणजे पीएच, विचारला होता. क्षार सौम्य आम्ल आणि सौम्य आम्लारी यांच्यापासून झालेला. उत्तरसूचीत उत्तर होतं सात. एका मुलीने लिहिलं साडेसहा. तिचा एक गुण गेला आणि त्या एका गुणावर तिचा महाविद्यालयातला प्रवेश अडला. परीक्षा मंडळाने ही बाब किरकोळ सदरात टाकली. मुलीने दोन दिवस जेवण टाकलं.

मुलीची मावशी रसायनशास्त्राची शिक्षिका. स्वभावाने मात्र ती अजिबात सौम्य नव्हती. भाचीला पुढे घालून तिने मंडळाच्या सचिवांची केबिन गाठली.

"दोन्ही सौम्य असली, तरी सारखीच सौम्य नसतात हो," मावशी म्हणाली. "यातलं आम्ल जरा जास्त जोरकस आहे. म्हणून द्रावण आम्लाकडे झुकतं."

"मॅडम, दोन दुबळ्यांत जास्त दुबळा कोण, हे ठरवत बसलो तर आमचं कार्यालय चालेल का?" सचिव म्हणाले. "आमचं धोरण समानतेचं आहे. दोघंही दुबळे, म्हणून सात."

"मोजून बघा ना."

मंडळाचं सामू मोजायचं मीटर आणि त्या क्षाराचं द्रावण मागवून मोजलं. मीटरवर साडेसहा आलं. मुलीचा चेहरा खुलला.

"थोडं पाणी घाला," सचिवांनी फर्मावलं.

"काका, कितीही पातळ केलं तरी या क्षाराचा सामू जवळपास हलत नाही," मुलगी म्हणाली.

पाणी घातलं. साडेसहा. आणखी घातलं. साडेसहाच. इतका हटवादीपणा सचिवांनी फक्त स्वतःच्या खात्यात पाहिला होता. त्यांनी निष्कर्ष काढला की मीटर नादुरुस्त आहे, कारण उत्तरसूची तज्ज्ञ समितीने मंजूर केलेली असून मीटर कोणत्याही समितीने मंजूर केलेलं नाही.

मीटर दुरुस्त करणारा आला. त्याने मागचा स्क्रू पिळला, आकडा सातावर आणून बसवला आणि विचारलं, "अजून काही सातावर आणायचंय?"

समितीने आता त्या मीटरलाही मंजुरी दिली. शहरात मंजुरी असलेलं मीटर ते एकच, त्यामुळे पाणीपुरवठा खात्याने ते मागून नेलं. शुद्ध पाण्यात बुडवलं तर साडेसात. खात्यात एकच धावपळ उडाली. पाणी सातावर आणण्यासाठी टाकीत आम्ल सोडण्यात आलं आणि कुणाचा ठपका नको म्हणून वर आणखी सढळ हाताने सोडण्यात आलं. मग आकडा सातच्या पार खाली घसरला. तेव्हा पुन्हा दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने स्क्रू पिळला. सात.

घरोघरी चहातलं दूध फाटू लागलं. लोकांनी दूधवाल्यांना फैलावर घेतलं. दूधवाल्यांनी म्हशींकडे बोट दाखवलं. म्हशींना कुणी विचारलं नाही.

मावशी पुन्हा केबिनमध्ये उभी राहिली. या वेळी तिने नळाच्या पाण्याचा पेला सचिवांपुढे ठेवला. सचिवांनी घोट घेतला, डोळे मिटले, एक शहारा गिळला.

"मंजूर मीटरप्रमाणे हे गोड्या पाण्यात मोडतं," ते म्हणाले. मग मुलीकडे पाहून त्यांचा आवाज थोडा उतरला. "हे बघ बाळ, एका जरी नागरिकाने पाणी आंबट लागतं असं सहीनिशी लिहून दिलं, तर मीटर चुकलं असं मानता येईल. मीटर चुकलं की तुझं साडेसहा बरोबर. पण प्रवेश शुक्रवारी बंद होतायत."

"आणि मावशीची सही?"

"नातेवाइकांची चालत नाही."

मुलगी दारोदार फिरली. कोरा कागद, पेन आणि मावशीने दिलेली पाण्याची बाटली, एवढंच जवळ होतं. कुणी म्हणालं नंतर ये. कुणी म्हणालं साहेब घरी नाहीत, आणि हे साहेबच म्हणाले. शुक्रवारी दुपारी ती तुमच्या दारात आली. तुम्ही तिला आत बसवलंत, पंखा लावलात, तिचं सगळं ऐकून घेतलंत. "अगदी बरोबर आहे तुझं पोरी, आंबटच लागतं," असंही म्हणालात. तिने कागद पुढे केला, तेव्हा तुम्ही चष्मा शोधायला आत गेलात.

ती अंधार पडेपर्यंत बसली होती.