दगडू खवले प्लॅन बदलतो

एका जंगलात एक नदी होती. नदीच्या अलीकडे डोंगर आणि पलीकडेही डोंगर. अलीकडच्या डोंगरात, एका बिळात, दगडू खवले राहत होता.

दगडू हे खवले मांजर. बाळांनो, नाव ऐकून दुधाची वाटी आणायला धावू नका. खवले मांजर दूध मागत नाही, म्याव करत नाही आणि कोणाच्या मांडीवरही बसत नाही. त्याच्या अंगभर कौलं असतात, घराच्या छपरावर असतात तशी. ते मुंग्या खातं. घाबरलं की स्वतःची गुंडाळी करून पडून राहतं. भीती गेली की उलगडतं. कधी कधी भीती गेल्याचं त्याला कळतच नाही, मग बराच वेळ तसंच पडून राहतं.

दगडू जरा जास्तच गुंडाळायचा. वाघ आला की गुंडाळी. वारा आला की गुंडाळी. बायको यमुना "अहो, ऐकलंत का?" म्हणाली की अर्धी गुंडाळी. आणि खवल्यांच्या घरची रीत अशी की घरधनी गुंडाळला की सगळ्या घराने गुंडाळायचं. कशाला, हे विचारायचं नाही. गुंडाळल्यावर विचारता तरी कसं येणार?

दगडूची मुलगी सुंदा नदीपलीकडच्या डोंगरात दिलेली होती. पण काळजी नव्हती. घरावरच्या वाळक्या सागावर अण्णा सुतार बसायचा. अण्णा म्हणजे सुतारपक्षी. अण्णा इकडे खोडावर टकटक करायचा, नदीकाठचा सुतार ती ऐकून पुढे टकटक करायचा, आणि सुंदाच्या दारातला सुतार तिला निरोप सांगायचा. रेंज म्हणाल तर काय सांगू! दोन्ही डोंगरांत एक टकटक कधी वाया गेली नाही.

रोज संध्याकाळी दगडू विचारायचा, "जेवलीस का?"

पलीकडून टकटक यायची, "जेवले."

झालं बोलणं. दगडूला तेवढं पुरायचं. लग्न झाल्यापासून लेकीचं तोंड पाहिलं नव्हतं, पण "जेवले" मात्र रोज ऐकलं होतं.

मग सुंदाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही सगळ्या जंगलाची रीत. पण सुंदाची सासू म्हणाली, "रेंज एवढी छान आहे. रोज बोलणं होतं. मग माहेरी जायचं कशाला?" आणि सुंदाचं माहेरी यायचं राहिलं. दगडू रोज सागाखाली कान लावून बसू लागला. बाळाची टकटक आता कधीही आली असती.

अशात एके दिवशी राघू आला. हिरवागार, लाल चोचीचा, गळ्यात कंपनीचा पट्टा.

"नमस्कार काका, नमस्कार काकू! अजून टकटकच वापरता? अरेरे! आमचा फॅमिली प्लॅन घ्या. घरात प्रत्येकाला स्वतंत्र पोपट. अमर्याद बोलणं!"

"अमर्याद म्हणजे?" दगडूचा मुलगा बबन याने विचारलं.

"म्हणजे थांबतच नाही."

"आईसारखं?"

"मेल्या, तुझ्या शेपटीची कौलं उतरवीन!" यमुना म्हणाली. मग राघूकडे वळून तिने हळूच विचारलं, "सोबत काही फुकट असतं का हो?"

"मोराचं पीस, काकू. अगदी डोळ्यासकट."

यमुनाने बिळाच्या दाराकडे पाहिलं. पीस कुठे खोवायचं ते तिने तेवढ्यात ठरवूनही टाकलं.

"गाणी असतात का?" बबनने विचारलं.

"हाक मारणाऱ्याला आधी गाणं ऐकावंच लागतं. नाही ऐकलं तर हाक पुढे जात नाही."

"बाबा, घेऊ या!" बबन नाचायला लागला. "त्या सायाळांच्या घरी दोन पोपट आहेत. मला ते टकटक्या म्हणतात!"

सगळ्यांनी दगडूकडे पाहिलं. दगडूचा एकच प्रश्न होता. त्याने तो सावकाश विचारला.

"सुंदाच्या डोंगरावर रेंज आहे का?"

"काका, आमची रेंज जिथे जिथे आहे, तिथे सगळीकडे आहे!"

दगडूने यावर विचार केला. उत्तर चांगलं वाटत होतं, पण हातात काही येत नव्हतं.

"पण सुंदाच्या डोंगरावर?"

"काका, पुढच्या पेरूच्या हंगामात तर तुम्ही बघाच!"

पलीकडच्या डोंगरावर पेरूचं एकही झाड नव्हतं, मग पोपट तिकडे कशाला जाणार? दगडूला हे ठाऊक होतं. त्याने आणखी सावकाश विचार केला, आणि त्याच्या मनात एक शब्द तयार झाला. तो शब्द होता "नको". शब्द मनातून निघाला, गळ्याशी आला, जिभेवर येऊन बसला.

तेवढ्यात राघूने पंख पसरले. "नियम सोपा आहे! मी शीळ घालतो. ज्याला नको असेल त्याने लगेच नको म्हणायचं. गप्प राहिला तो आमचा!"

आणि त्याने अशी शीळ घातली की आसपासच्या झाडांची पानं गळाली.

दगडूची गुंडाळी झाली. दगडू गुंडाळला म्हणून यमुना गुंडाळली. यमुना गुंडाळली म्हणून बबन गुंडाळला. बिळाच्या दारात तीन गोळे. सगळे गप्प.

"अभिनंदन!" राघू ओरडला. "एकमताने मंजूर!"

एका घरात एकच सेवा, असा जंगलाचा कायदा. अण्णा सुतार झाडावरून खाली आला आणि गोळ्याजवळ वाकून म्हणाला, "निघतो दगडूभाऊ. सुंदाला शेवटचं काय कळवू?"

गोळा बोलला नाही. अण्णाने थोडी वाट पाहिली, दोन मुंग्या खाल्ल्या आणि तो उडून गेला.

दुसऱ्या दिवसापासून घरात आनंदीआनंद. यमुनाने दारात पीस खोवलं. बबनने सायाळांच्या पोराला हाक मारून सांगितलं, "माझ्याकडे पोपट आहे." ते पोर म्हणालं, "माझ्याकडेपण." मग दोघांनाही पुढे काय बोलावं ते सुचेना. पण अमर्याद होतं म्हणून ते हेच पुन्हा पुन्हा बोलत राहिले.

दगडूने आपल्या पोपटाला विचारलं, "सुंदा जेवली का?"

पोपटाने आधी गाणं म्हटलं. मग तो म्हणाला, "आपला प्रश्न आमच्यासाठी फार महत्त्वाचा आहे. पेरूची ऑफर हवी असल्यास मान हलवा."

दगडूने जोरजोरात नकारार्थी मान हलवली.

"मान हलवल्याबद्दल धन्यवाद. ऑफर चालू झाली आहे."

असं रोज झालं. सुंदा जेवली का, ते कळेना. बाळ झालं का, तेही कळेना. दगडूच्या घशाखाली मुंगी उतरेना. रोजच्या वेळेला तो वाळक्या सागाखाली जाऊन बसायचा. वर कोणी नाही, हे त्याला माहीत होतं, तरी बसायचा.

एका संध्याकाळी तो उठला आणि म्हणाला, "मी जातो."

"कुठे?" यमुनाने विचारलं.

"पलीकडे."

"अहो, वाटेत वारा असेल!"

"असू दे," दगडू म्हणाला. आणि गुंडाळी न करता तो निघाला. यमुनाने वाळवीची पुरचुंडी बांधून घेतली. बबनही निघाला. वर राघू उडत होता, "प्रिय ग्राहक! रेंजबाहेर जाऊ नका!"

तिघे नदीच्या वाळूत उतरले. खवले मांजराला डोळ्यांनी फार दिसत नाही, बाळांनो, ते नाकाने चालतं. आणि दगडूच्या नाकाला वास आला. अनोळखी मुंग्यांचा वास! अलीकडच्या डोंगरात तसल्या मुंग्याच नव्हत्या. झुडपामागे काहीतरी सळसळलं.

गुंडाळी! गुंडाळी! गुंडाळी!

आणि झुडपामागेही कोणीतरी तेवढ्याच घाईने गुंडाळलं. वाळूत आता चार गोळे झाले. चारही गोळे एकमेकांच्या भीतीने गप्प पडून राहिले. कोणी आधी उलगडायचं, हा प्रश्न होता, आणि खवल्यांच्या घरात आधी उलगडायची रीतच नव्हती. ते कदाचित अजूनही तिथेच पडून असते.

पण चौथ्या गोळ्यावरून काहीतरी टुपकन वाळूत पडलं. मुठीएवढं, मऊमऊ कौलांचं. खवल्यांचं बाळ आईच्या शेपटीवर बसून फिरतं, तसं ते आलं होतं. भ्यायचं असतं, हे त्याला अजून कोणी शिकवलं नव्हतं. ते दुडूदुडू सगळ्यात मोठ्या गोळ्याकडे गेलं. त्याने एक कौल ओढून पाहिलं. मग फटीत नाक खुपसलं आणि दगडूच्या अगदी नाकावर शिंकलं.

दगडूने एक डोळा उघडला. मग दुसरा. मग जन्मात पहिल्यांदा तो सगळ्यांच्या आधी उलगडला.

"सुंदे?"

"बाबा?" चौथा गोळा म्हणाला. "निरोप येईना बाबा. मला वाटलं, तुमचं काही बरंवाईट झालं. सासूबाईच म्हणाल्या, जा, बघून ये."

दगडूला खूप बोलायचं होतं. पण त्याला एकच बोलणं येत होतं.

"जेवलीस का?"

सुंदा रडायलाच लागली. "नाही, बाबा."

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच उत्तर वेगळं आलं होतं. यमुनाने पुरचुंडी सोडली. वाळूत बसून सगळी जेवली, आणि बाळ आजोबांच्या शेपटीवर चढून बसलं ते उतरेचना.

राघू वरून ओरडला, "प्रिय ग्राहक! आमच्या सेवेमुळे आपली भेट झाली! पाच पेरू द्या!"

दगडूने घरी परतल्यावर खरंच पाच पेरू दिले.

पुढे अण्णा सुतार येऊन म्हणाला, "भाऊ, परत आमच्याकडे येता का? रेंज पूर्वीसारखीच आहे."

दगडूने सावकाश विचार केला. लेक माहेरी राहायला आली होती, शेपटीवर नातू झोपला होता. या वेळी कोणी शीळ घातली नाही, त्यामुळे शब्द जिभेवरून सुखरूप बाहेर पडला.

"नको, अण्णा. तुम्ही मुंग्या खायला मात्र येत जा."

तात्पर्य: प्लॅन घेताना रेंज नीट तपासून घ्यावी. ती चांगली निघाली तर लेक घरी येत नाही.