काळ्या रंगाचा प्रमाण उच्चार

शब्द बोलणाऱ्यालाच त्याचा उच्चार ठरवू दिला, तर कार्यालये चालणार नाहीत. म्हणूनच आखातातल्या मीना सलमान बंदरावरच्या आमच्या रंगाच्या कंपनीने काळ्या रंगाला कॉप्टिक नाव द्यायचे ठरवताच सातजणांची उच्चार समिती नेमली. (सहाजणांना कॉप्टिक ही पोटदुखीवरची गोळी वाटत होती. सातवे रजेवर होते.)

शब्द सुचवला बिशॉयने. हा गोदामात रंग कालवणारा इजिप्शियन. कॉप्टिक ही त्याच्या चर्चमधल्या प्रार्थनेची भाषा. त्याने तो कॉप्टिक लिपीत कागदावर लिहिला आणि म्हणाला, "कामे. म्हणजे काळा. नाईलकाठची माती काळी, त्यावरूनच आमच्या देशाचं जुनं नाव पडलं म्हणतात."

"कामे?" अध्यक्ष जमालुद्दीन दचकले. ते रत्नागिरीचे. "गिऱ्हाईक रंग मागणार नि आपण त्याला कामे सांगणार?"

चिटणीस विल्फ्रेड वसईचा. त्याने कागद नीट पाहिला. "आणि पहिलं अक्षर तर एक्स आहे, सर. झेरॉक्समधला."

अशा रीतीने 'झामे' हा उच्चार पाच विरुद्ध एक मतांनी प्रमाण ठरला. (विरोधी सदस्याला 'क्सामे' हवे होते.) मग सर्व कर्मचाऱ्यांची तोंडी परीक्षा झाली. नापासाचा करार पुढे वाढणार नव्हता. त्रेसष्टजण पहिल्या फटक्यात पास झाले. एक नापास झाला: बिशॉय. त्याची बायको तीनच आठवड्यांपूर्वी फॅमिली व्हिसावर आली होती.

विल्फ्रेड त्याला बाजूला घेऊन म्हणाला, "एकदा झामे म्हण ना, खलास! कोण ऐकतंय?"

"मी ऐकतोय," बिशॉय म्हणाला.

तरी तो समितीपुढे गेला आणि खाली बघत, अगदी हळू 'झामे' म्हणाला. समितीने उदारपणे दोन गुण वाढवून त्याला पास केले. शेऱ्यात लिहिले: 'उच्चारावर मूळ भाषेचा परिणाम जाणवतो.' त्या दिवशी गोदामात तो तयार झालेला काळा रंग उगाचच ढवळत राहिला, दुपारचा डबाही त्याने उघडला नाही.

उपक्रमाचे यश पाहून कंपनीच्या मोठ्या साहेबांनी पुढच्या छटेला मराठी नाव द्यायचे ठरवले आणि विचारले, "ब्राउनला तुमच्या भाषेत काय म्हणतात?" जमालुद्दीननी विल्फ्रेडकडे पाहिले, विल्फ्रेडने जमालुद्दीनकडे. दोघेही एकदम म्हणाले, "ब्राउनच, सर."

आपण हसत असाल, तर आधी उत्तर मनात म्हणून टाका. 'चॉकलेटी' धरले जाणार नाही.