नियोजित वेळ, प्रत्यक्ष वेळ

सात पंधरा ते सात सोळा: जिना.

फ्रिजवर चुंबकाने लावलेल्या कागदाची पहिली ओळ अशी होती, आणि ती लिहिणारी बाई काही हौशी नव्हती. बससेवेच्या मुख्य कचेरीत वेळापत्रकं आखण्याचं काम ती चौदा वर्षं करत होती. शहरातली कुठलीही बस कुठल्या थांब्यावर किती वाजता असायला हवी, हे ती झोपेतून उठून सांगू शकली असती. त्यामुळे थोरलीला शाळेत सोडायचं वेळापत्रक तिने एका बैठकीत, चहा निवायच्या आत केलं होतं. सात बावीसची बस, चौकात बदल, दुसरी बस, आणि ठीक आठला शाळेचं फाटक. फाटक सव्वाआठला बंद होतं. म्हणजे पंधरा मिनिटं हाताशी. कचेरीत एवढी मोकळीक कोणी ठेवली असती तर तिने त्याला केबिनमध्ये बोलावून समजावलं असतं.

आतापर्यंत हे काम तिच्या बाबांकडे होतं. दोन वर्षं ते थोरलीला बसने नेत होते, आणि गेलं वर्षभर धाकट्यालाही बरोबर घेऊन जात, येताना त्याला घेऊनच परत. तेवढाच तिला सकाळचा तास मोकळा मिळे. शाळेच्या सुट्टीत बाबा वारले. आज शाळेचा पहिला दिवस होता, आणि नवरा पहाटेच कामावर गेला होता.

बाबा निवृत्तीपर्यंत बस आगारात वाहतूक नियंत्रक होते. कोणती गाडी किती वाजता सुटली हे लिहून ठेवणं, आणि दोन मिनिटं उशीर झाला तरी ड्रायव्हरला कारण विचारणं, हे त्यांचं काम. ड्रायव्हर त्यांना पाठीमागे सेकंदकाटा म्हणत. घरातही वेगळं नव्हतं. ती कॉलेजात असताना एकदा लग्नाला निघायला तिला तीन मिनिटं उशीर झाला, तर बाबा तिला न घेता गेले होते. ते गेल्यावर भेटायला आलेल्या प्रत्येकाला तिने एक गोष्ट आवर्जून सांगितली होती: दोन वर्षांत त्यांनी थोरलीला एक दिवस उशीर होऊ दिला नाही. ऐकणारे मान डोलवत. बाबांचा तो मान आता तिला घालवायचा नव्हता. निदान पहिल्याच दिवशी तरी नाही.

सात पंधराला दार बंद झालं आणि अडीच वर्षांच्या धाकट्याने जिन्याकडे बघून जाहीर केलं, "मी."

त्याचा जिना उतरण्याचा एक रिवाज होता. आधी पायरीवर बसायचं. मग वळून पालथं व्हायचं. मग एक पाय खाली सोडून पायरी आहे ना याची खात्री करायची, आणि मग उभं राहून पुढच्या पायरीवर बसायचं. पायऱ्या चोपन्न होत्या. सोळाव्या पायरीला तिने त्याला सरळ उचललं. त्यावर त्याने जो सूर लावला त्याने दोन मजल्यांवरची दारं उघडली. तिने घाईघाईने त्याला खाली ठेवलं, तर उचलल्यामुळे बुडालेल्या पायऱ्या भरून काढायला ते पुन्हा वर गेलं.

"आजोबांबरोबर कसा उतरायचा हा?" तिने थोरलीला विचारलं.

"असाच."

"आणि वेळेवर पोचायचात?"

थोरलीला एकाएकी मोज्यात काहीतरी सापडलं. "पोचायचो की," ती मोज्यालाच म्हणाली.

सात बावीसची बस त्यांनी जिन्याच्या खिडकीतून पाहिली. हरकत नव्हती. पुढची सात चौतीसला होती. बाराला पोचू, तीन मिनिटं उरतात. तिला थोरलीचंच नवल वाटत होतं. तिसरीतली पोर, शाळेचा पहिला दिवस, आणि चेहऱ्यावर घाईचं नाव नाही. तिच्या वयाची असताना आपण बाबांच्या घड्याळाकडे बघत बघत दूध प्यायचो, हे तिला आठवलं.

सात चौतीसची बस वेळेवर आली. तिने हात दाखवला, बस थांबली, दार उघडलं, आणि धाकट्याने रस्त्यातच बसकण मारली.

"याला हात दाखवायचा असतो," थोरली म्हणाली. "तू दाखवलास."

"उद्या दाखवेल. चल, वर चढ."

"आई, तो नाही चढणार."

धाकटं चढलं नाही. एक हात धरून ओढलं तर ते दुसऱ्या बाजूने ओघळायचं. बसमधून माना बाहेर येऊ लागल्या. मग ड्रायव्हरच वाकून बघू लागला. पिकल्या मिशांचा, नोकरीची शेवटची काही वर्षं उरलेला माणूस. त्याने आधी धाकट्याला ओळखलं, मग तिला.

"साहेबांची मुलगी ना तुम्ही? कचेरीतल्या?" तो म्हणाला. "बाजूला व्हा जरा. हे रोजचंच आहे."

त्याने दार लावलं, गिअर टाकला, आणि अख्खी बस दोन पावलं पुढे घेतली. धाकटं उठलं. त्याने पंजा उघडून हात वर केला. बस थांबली. दार उघडलं. धाकटं एखाद्या पाहुण्यासारखं चढलं.

वेळापत्रकात एका थांब्याला अर्धं मिनिट धरलेलं असतं. तिनेच धरलेलं असतं. इथे अडीच मिनिटं गेली होती, आणि बसमधली चाळीस माणसं घड्याळं बघत होती. त्यांच्यासमोरून पुढे जाताना तिला वाटलं, एवढ्यात कोणीतरी ओळखेल आणि विचारेल, बाई, हेच का तुमचं वेळापत्रक? कोणी विचारलं नाही. एक गृहस्थ धाकट्याशी हात मिळवून मात्र गेले.

तिसऱ्या रांगेत एक नर्स बसली होती. रात्रपाळी करून घरी चाललेली, डोळे तांबारलेले. शेजारच्या सीटवर तिने पिशवी ठेवून जागा धरली होती. मुलांना पाहून ती हसली आणि त्यांच्या मागे बघू लागली.

"आज आजोबा कुठेत?"

"वारले," थोरली म्हणाली. "सुट्टीत."

नर्स थोडा वेळ पिशवीकडे बघत राहिली. मग तिने ती उचलून पायाशी ठेवली आणि खिडकीकडे सरकली. धाकटं तिच्या मांडीवर चढलं ते हक्काने, आणि चौक येईपर्यंत तिच्या ओळखपत्रावरच्या फोटोशी गप्पा मारत बसलं. आईच्या डोक्यात मात्र एक हिशेब चालू होता आणि तो जुळत नव्हता. असा जिना, असा हात, अशी बस, आणि तरी बाबा आठला फाटकात कसे? घरातून लवकर निघत असतील म्हणावं, तर दार सव्वासातला वाजल्याचं ती रोज अंथरुणातून ऐकत होती. नियंत्रक म्हणून त्यांनाच जमणारी काही युक्ती असणार, असं तिने ठरवलं. ती विचारायची राहून गेली.

चौकात ते उतरले तेव्हा सात सत्तावन्न झाले होते. दुसरी बस आठ एकला समोरच्या थांब्यावरून. रस्ता ओलांडायला एक मिनिट. तीन मिनिटं मोकळी. तिने धाकट्याचा हात धरला. धाकटं हललं नाही. त्याचा दुसरा हात हवेत होता, बसला टाटा करत.

"बस दिसेनाशी होईपर्यंत करतो तो," थोरलीने माहिती दिली.

"किती वेळ लागतो?"

"लगेच जाते बस. वळणावरून."

पण आज वळणाआधीचा सिग्नल लाल होता. बस तिथे उभी राहिली, सगळ्या चौकाला दिसेल अशी. धाकटं टाटा करत राहिलं. मागच्या काचेतून नर्सही टाटा करू लागली, त्यामुळे प्रकरण आणखी लांबलं. सिग्नल सुटला तेव्हा आठ वाजून दोन मिनिटं झाली होती, आणि समोरच्या थांब्यावरची बस ठरल्या वेळी, एका सेकंदाचाही फरक न करता, निघून गेली होती. ती इतकी चोख चालावी म्हणून तिने गेल्या महिन्यातच आगाराला कडक पत्र लिहिलं होतं.

पुढची बस आठ तेराला. ती शाळेशी पोचणार चोवीसला. चालत बारा मिनिटं. म्हणजे आठ चौदा.

"चालायचं," तिने सांगितलं. "भरभर. आजोबांनी दोन वर्षांत एकदा तरी उशीर होऊ दिला का? मग आज आपल्यामुळे नको."

थोरलीने वाकून पुन्हा मोजा वर ओढला.

शंभर पावलांवर एका इमारतीचं बांधकाम चालू होतं. दाराशी सिमेंटचं मिक्सर फिरत होतं. धाकटं त्याच्यासमोर देवळात उभं राहावं तसं उभं राहिलं.

"ओढू नकोस," थोरली घाईने म्हणाली. "जिन्यासारखं होईल. त्याला दोन वेळा रिकामं झालेलं बघायचं असतं. मग स्वतःच निघतो."

"दोन वेळा म्हणजे किती मिनिटं?"

"ते आजोबा मोजायचे नाहीत."

आई तिच्याकडे बघतच राहिली. बाबा मोजायचे नाहीत, हे वाक्य तिने या आधी कधी ऐकलं नव्हतं. मिक्सर फिरत होतं. कामावरच्या बाईने धाकट्याला बघून घमेलं वाजवलं, म्हणजे तिचीही ओळख होती. आठ तेराची बस त्यांच्यासमोरून गेली. धाकट्याने प्रेमाने हात दाखवला, पण तिथे थांबा नव्हता. तो थांबा दोन वर्षांपूर्वी फेरी दोन मिनिटांनी कमी व्हावी म्हणून रद्द झाला होता, आणि रद्द कोणी केला हे ती धाकट्याला सांगणार नव्हती.

शेवटी तिने त्याला काखेत मारलं, थोरलीचं दप्तर खांद्यावर घेतलं, आणि राहिलेला रस्ता धावत काढला. फाटकाशी पोचली तेव्हा आठ छत्तीस झाले होते. फाटक बंद. केस सुटलेले, ओढणीला धाकट्याच्या बुटाचा चिखल. पहिला दिवस. बाबांनी दोन वर्षं सांभाळलेलं एका सकाळीत गेलं होतं.

वॉचमनने फाटकाची छोटी खिडकी उघडली. थोरलीला बघून त्याने तिला नुसतं आत घेतलं. आवारात एका झाडाखाली पाचसहा पोरं उभी होती, उशिरा आलेली. थोरली त्यांच्यात गेली तशी पोरांनी सरकून तिला पहिल्या नंबरची जागा दिली. नवीन मुलाला ती दप्तर कुठे ठेवायचं ते दाखवू लागली.

आईला हे नीट कळायच्या आत वॉचमनने खिडकीतून एक जाड वही, थोरलीच्या नावाच्या पानावर उघडून, पेनासकट पुढे केली. "सोडायला आलेल्याने भरायचं असतं. वरच्या ओळी बघा आणि तसंच लिहा."

तिने 'कारण' या रकान्यात आधी 'वाहतूक कोंडी' लिहून टाकलं. मग बाकीचे रकाने कसे भरायचे ते बघायला वरची ओळ वाचली.

अक्षर बाबांचं होतं. त्याच्या वरच्या ओळीतही. पान उलटलं तर मागेही तेच. तारीख, नियोजित वेळ, प्रत्यक्ष वेळ, आणि कारण, आगाराच्या नोंदवहीत लिहावं तसं, सरळ आणि स्वच्छ. धाकटं ज्या आठवड्यात पहिल्यांदा बरोबर गेलं, त्या आठवड्यापासून रोज.

'उशीर १९ मि. मार्गात मांजर. प्रवाशाने (वय दीड वर्ष) पुढे जाण्यास नकार दिला.'

'उशीर २४ मि. जिना स्वतः उतरण्याची मागणी. मागणी रास्त.'

'उशीर १७ मि. साचलेले पाणी. दोनदा.'

'उशीर ३१ मि. कारण नाही. हवा चांगली होती.'

"साहेबांनी कधी खोटं कारण लिहिलं नाही," वॉचमन म्हणाला. "मोठ्या बाईंनी एकदा बोलावलं होतं त्यांना. रागवायला म्हणून. अर्धा तास दोघांचा हसण्याचा आवाज येत होता."

तिने झाडाकडे पाहिलं. थोरली तिथूनच बघत होती.

"सांगितलं का नाहीस मला?"

"आजोबा म्हणाले होते, तुझ्या आईला सांगू नकोस," थोरली म्हणाली. "ती लगेच वेळापत्रक करेल."

लग्नाला न नेता गेलेले बाबा तिच्या डोळ्यांसमोर आले. त्यांच्या शेजारी, मिक्सरसमोर, घड्याळ न बघता उभे असलेले दुसरे एक बाबा आले, ज्यांना ती भेटलीच नव्हती. एकाच घरात राहून. तिने पुन्हा एकदा शेवटची ओळ वाचली. मग 'वाहतूक कोंडी' खोडली आणि शेजारी लिहिलं, 'उशीर २१ मि. वेळापत्रक चुकीचे.'

वॉचमनने वही वळवून वाचली. "बाई, असं लिहून चालेल का? बसवाल्यांना राग येईल."

"येऊ दे," ती म्हणाली. "ते मीच केलंय."

धाकटा आजपासून ज्या पाळणाघरात राहणार होता ते रस्त्यापलीकडे होतं, दोन मिनिटांवर. तिने धाकट्याला काखेतून काढून जमिनीवर ठेवलं, आणि कचेरीत फोन करून सांगितलं की ती अकरापर्यंत येईल.